चमचाभर विरजण

"अजून एक राहिलंय," निनाद म्हणाला आणि मध्यस्थ दिवेकरबाईंनी मिटत आणलेली फाइल पुन्हा उघडली. कौटुंबिक न्यायालयाच्या या खोलीत फ्लॅट, गाडी, पितळेची भांडी, सगळ्याची वाटणी बिनबोभाट झाली होती. आता कुठे घोडं पेंड खाणार होतं?

"घरचं विरजण हवंय, चमचाभर. आई गेली, पण तिच्या हातचं तेवढंच चालत आलंय."

पुढच्या तारखेला कौमुदीने पर्समधून घट्ट झाकणाची स्टीलची डबी काढून नवऱ्यापुढे ठेवली. "दूध कोमट असू दे. बोट बुडवून बघ. आणि लावल्यावर सारखं झाकण उघडून बघू नकोस, सवय आहे तुला."

तो हसला. तीही हसली. 'अहो, पुन्हा एकदा विचार करा ना!' दिवेकरबाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ते विचारून झालं होतं, दोघांनी शांतपणे नाही म्हटलं होतं. मध्यस्थाने विचारायचं असतं, ढकलायचं नसतं. त्यांनी कराराचं शेवटचं कलम वाचलं: यापुढे दोघांपैकी कोणीही एकमेकांकडे काहीही मागणार नाही. दोघांनी निमूट सह्या केल्या.

डबी दोन्ही हातांत धरून निनाद निघाला आणि दाराशी थबकला.

"बिघडलं तर?"

"तर पुन्हा माग. देईन मी."

कलमावरची शाईसुद्धा अजून वाळली नव्हती. दिवेकरबाईंनी काही ऐकलंच नाही असं दाखवत पेनाला टोपण लावलं.