सावलीची दृष्ट

शर्वाणी सामना खेळून घरी आली, तेव्हा आई टीव्हीसमोर उभी होती. पडद्यावरच्या क्षणचित्रांत शर्वाणी नव्हती, तिची सावली होती. बास्केटबॉलच्या प्रत्येक नामांकित खेळाडूची अशी सावली संगणक बनवायचा, त्या खेळाडूच्या आजवरच्या फक्त उत्तम फेकी घेऊन. ती प्रकाशाची आकृती मैदानात खऱ्या खेळाडूच्या शेजारीच खेळायची. सावलीचे गुण निकालात धरत नसत, पण ती कधी चुकत नसे.

“जिंकलो आम्ही. चौतीस गुण माझे,” शर्वाणी बूट काढत म्हणाली.

“पाहिलं. तिचे बावन्न झाले. शेवटचा चेंडू डाव्या हाताने काय टाकलाय गं तिने.”

“डाव्या हाताने टाकायला मी शिकले होते, आई. उजवं मनगट मोडलं होतं तेव्हा.”

आईचं लक्ष नव्हतं. प्रेक्षक सावलीसाठीच टाळ्या वाजवतात, हे शर्वाणीने कसंबसं गिळलं होतं. पण आई स्वयंपाकघरातून मूठभर मीठ-मोहरी घेऊन आली, तेव्हा तिला बरं वाटलं. लहानपणापासून प्रत्येक सामन्यानंतर आई तिची दृष्ट काढायची. ती सवयीने पाट घेऊन बसली.

आई तिला वळसा घालून टीव्हीपाशी गेली आणि पडद्यावरून मूठ ओवाळू लागली.

“आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची...” ती पुटपुटत होती.

मग तिने मोहरी तापल्या तव्यावर टाकली. ती ताडताड उडाली.

“बघ,” आई म्हणाली, “कुणाची तरी फार वाईट लागली होती पोरीला.”

पाटावर बसलेली शर्वाणी अजून पडद्याकडेच बघत होती.