सिगरेटच्या पाकिटातला खेळाडू

तोकुनागा-सानना अंघोळीला नेलं आणि ज्ञानदानं त्यांच्या उशाखालचं कार्ड उचललं.

जपानमधल्या इचिकावाच्या त्या वृद्धाश्रमात ती तासांवर काम करायला लागून जेमतेम महिना झाला होता. कार्ड काड्यापेटीएवढं. पुढे बॅट खांद्यावर टाकलेला, शंभरेक वर्षांपूर्वीचा कुणी अमेरिकन बेसबॉलवाला. मागे सिगरेटची जाहिरात. पाकिटातल्या सिगरेटी चेपू नयेत म्हणून अशी कार्डं घालायचे आणि लोक ती जमवत बसायचे. तोकुनागा-सानकडे हे एकच. त्यांचे वडील योकोहामा बंदरात हमाल होते. खलाशानं दिलेलं हे कार्ड त्यांनी तंबाखूच्या बटव्यात जपलं. मग युद्धात बंदरावर बॉम्ब पडले, त्यात वडील गेले. वडिलांचा फोटोसुद्धा उरला नाही, कार्डाला बटव्याचा वास तेवढा उरला. इतकी वर्षं कसा उरला ते विचारू नका. म्हाताऱ्याला तो यायचा, आणि तो घेतल्याशिवाय म्हातारा नर्सला रक्तदाबसुद्धा मोजू देत नसे.

ज्ञानदाला एवढंच दिसायचं, की आजोबा डोळे मिटून कार्ड चेहऱ्याला लावतात. तिला वाटलं, नमस्कार करतात. हातात बॅट असली म्हणून काय झालं, देवच असणार. आणि देवाचे कोपरे तर झिजून चालले होते.

ऑफिसात दारांवरच्या नावांसाठी लॅमिनेशनचं मशीन होतं. कार्ड एका बाजूनं आत गेलं, दुसरीकडून गरमागरम, चकचकीत बाहेर आलं.

"हे काय केलंस गं?" चार वर्षं तिथल्या स्वयंपाकघरात मुरलेल्या अरुणाताई दारातच थबकल्या.

"छान झालंय ना? आमच्या बाबांनी तर माझी लग्नपत्रिकासुद्धा लॅमिनेट केलीय!"

"अगं बाई, ते नमस्कार नाही करत. वास घेतात. बापाचा."

ज्ञानदानं कात्री उचलली. अरुणाताईंनी तिचं मनगट धरलं. "राहू दे. फाटेल. आणि वास आता प्लास्टिकचाच येणार."

तोकुनागा-सान अंघोळीहून गुलाबी होऊन परतले. कार्ड नाकाशी नेलं. उलटं केलं. चारही कडांवरून नाक फिरवलं. पुन्हा एकदा फिरवलं. मग चाकाच्या खुर्चीतूनच कमरेत वाकले.

"खूप त्रास घेतलात, ज्ञानदा-सान. आता हे भिजणार नाही."

त्या दिवसापासून ते तोंडानं श्वास घेऊ लागले. ओठ चिरले, जीभ लाकडासारखी झाली, तरी तोंड मिटेना. चौथ्या दिवशी डॉक्टर आले. टॉर्च मारून त्यांनी दोन्ही नाकपुड्या तपासल्या.

नाक अगदी मोकळं होतं.