स्लिपला टाचलेला कागद

सरकारी वकिलांनी तो कागद दोन बोटांत धरून उंच केला. जणू त्याला वास येत होता.

“म्हणजे हा कचरा तुम्ही जपून ठेवलात?”

“जपला नाही साहेब, टाचला,” साक्षीदार बाई म्हणाली. “विमानातलं आजारी माणसाचं सामान पिवळ्या पिशवीत जातं, जाळायला. कागद तेवढा पिशवीत टाकायचा नाही. सफाईच्या नोंदीच्या स्लिपला टाचून आरोग्य खात्याकडे द्यायचा. कामाच्या पहिल्या दिवशीच शिकवतात.”

बाई विमानतळावर विमानांची सफाई करायची. मागच्या बाकावरून बेपत्ता माणसाची बायको तिला पहिल्यांदाच पाहत होती. मांडीवर मुलगी पेंगत होती, शेजारी सासूबाई बसल्या होत्या. अकरा महिन्यांपूर्वी तिचा नवरा कामासाठी परदेशात गेला आणि तिथल्या भर रस्त्यावरून नाहीसा झाला. इथे शहरातल्या बसस्फोटात त्याचा हात असल्याचा संशय आहे, हे तिला टीव्हीवरून कळलं. सरकारचं म्हणणं एकच होतं. आम्ही त्याला उचललेलं नाही, तो स्वतःच कुठेतरी पसार झाला असेल. तो कुठे आहे, कोणाच्या ताब्यात आहे, जिवंत तरी आहे का, याचं उत्तर कोणी देत नव्हतं. आज या कागदाने काही सिद्ध झालं नाही तर त्याला कोर्टात हजर करा, हा तिचा अर्ज फेटाळला जाणार होता.

“इंधन भरायला दोन तास थांबलेलं सरकारी कामाचं छोटं विमान,” वकील म्हणाले. “पाच प्रवासी, पाचही ठणठणीत, अशी नोंद आहे. तुम्ही मात्र लिहिलंत, एक रुग्ण. कशावरून?”

“डायपरवरून.”

कोणीतरी फिसकन हसलं.

“माझ्या घरात दीड वर्षाचं पोर आहे साहेब, दिवसाला सहा बदलते. हा बाप्या माणसाच्या मापाचा होता. आणि एक शर्ट होता. पाठीतून कात्रीने उभा कापलेला, पुढची बटणं लावलेलीच. म्हटलं, ज्याला शर्टसुद्धा काढता येत नाही, त्याला झालंय तरी काय? काही लागणीचं असलं तर मीच ते घरी पोराजवळ नेणार. म्हणून लिहिलं.”

बटणं लावलेलीच. म्हणजे त्याचे हात बांधलेले असणार. सासूबाईंनी तिच्या मनगटावर हात ठेवला आणि तो काढलाच नाही.

“तुमच्या मुकादमाने ते खोडायला सांगितलं नव्हतं?”

“सांगितलं ना. मी म्हटलं, मग विमान तुम्हीच पुसा.”

आता सगळे हसले. न्यायमूर्तींनी कागद मागून घेतला, चष्मा वर केला आणि वाचला. “दातांसाठी जेल. तापाचं औषध, गुलाबी झाकणाचं. मोजे, लहान नको, आता पाय वाढलेत. लवकर ये.” मग त्यांनी मान वर केली. “हे शर्टाच्या खिशात होतं?”

“हो.”

“आणि अक्षर कुणाचं?”

ती उठली. मुलगी सासूबाईंकडे दिली. “माझं. परदेशातून येताना आणायची यादी. निघाला तेव्हा मीच त्याच्या खिशात घातली होती.”

त्यांनी तिला पुढे बोलावून त्याच ओळी पुन्हा लिहायला लावल्या. ‘झ’ तसाच वेडावाकडा आला. स्लिपवर खात्याचा शिक्का होता, विमान थांबलं त्याच दिवसाचा.

सरकारी वकिलांचा आवाज खाली आला. “देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे. पुढचा स्फोट थांबवायचा तर काही गोष्टी उघड करता येत नाहीत.”

“स्फोट थांबवाच,” न्यायमूर्ती म्हणाले. “त्यासाठी पकडा, कोंडा, खटला चालवा. त्याने केलं असेल तर ते इथे, या खोलीत सिद्ध करा. पण माणूस गायब करून वर तो नव्हताच म्हणायचं, हे चालणार नाही. दहा दिवसांत हजर करा.”

सासूबाईंनी नातीला इतकं घट्ट आवळलं की ती जागी होऊन रडायला लागली. सून मात्र दाराकडे धावली. सफाईवाली बाई कामाची पाळी गाठायच्या घाईत जिन्याशी पोचली होती. तिने बाईचे दोन्ही हात धरले. रसायनांनी खरखरीत झालेले ते हात होते.

“ताई, थांबा ना. काय बोलू तुम्हाला? तुमचे उपकार...”

“उपकार कसले, मी आपली माझ्या पोराला घाबरले.”

“पण आज आलात. नोकरी जाईल म्हणून सगळे घाबरवत असतील. आठवत नाही म्हणाला असतात तर मी काय करणार होते?”

“तसं म्हणणारच होते.” बाईने जिन्याकडे पाहिलं. “तुमचे वकील घरी आले तेव्हा कळलं, तो माणूस कोण. त्या बसमध्ये माझा भाऊ होता. धाकटा. शर्टावरूनच ओळखला आम्ही त्याला.”

हात सोडावेत असं तिला वाटलं, पण सुटले नाहीत.

“रात्रभर विचार केला,” बाई म्हणाली. “तुमचा माणूस असाच कुठे मेला तर खरं काय ते मला कधीच कळणार नाही. मला त्याला समोर उभा बघायचाय. तू केलंस का, हे विचारायचंय. म्हणून आले. तुमच्यासाठी नाही हो, रागावू नका.”

अकरा महिने ती शेजाऱ्यांना, पत्रकारांना, सासूबाईंना एकच वाक्य सांगत आली होती, तो तसा नाहीच. आता तिने ते खरखरीत हात आणखी घट्ट धरले आणि कपाळाला लावले.

“ताई, तुमचे उपकार खरंच फिटणार नाहीत,” ती म्हणाली. “मलाही त्याला तेच विचारायचंय.”