गाडी लागते का?

"गाडी लागते का तुम्हाला?" डॉक्टर हप्सरींनी विचारलं.

"नाही," सारिन्तेन म्हणाली. प्रश्न अजून पुरता संपलाही नव्हता.

पलंगाशी उभा असलेला तिचा नवरा मार्जुकी मोठ्यानं हसला. "डॉक्टरबाई, ड्रायव्हरची बायको आहे ही! वोनोसोबो ते सेमारंग, सगळा घाट माझ्या हाताखालचा. ओकणारे मागे बसतात, पिशवी तोंडाला लावून."

डॉक्टर हसल्या नाहीत. सारिन्तेनच्या गळ्यातली थायरॉइडची गाठ दुसऱ्या दिवशी सकाळी काढायची होती आणि भूल त्याच देणार होत्या. या डोंगरात गलगंडाचं कुणाला नवल नव्हतं. पण एवढ्या घाईनं आलेलं उत्तर त्यांना खटकलं.

"बसनं शेवटचं कधी गेला होतात?"

सारिन्तेन चादरीची किनार चाचपत राहिली. उत्तर मार्जुकीनंच दिलं, पण आता त्याच्या आवाजात हसू नव्हतं.

"माझ्या गाडीत ती बसतच नाही. माझ्या बहिणीचं लग्न होतं, तर म्हणे शेळी व्यायला झालीय. ईदला निघालो, तर गुडघा धरला. दर वेळी काहीतरी असतंच."

"तुम्ही जरा बाहेर थांबता का?"

"का?" तो जागचा हलला नाही. "ऑपरेशन गळ्याचं आणि चौकशी बसची. वर मला बाहेर घालवून हिला काय विचारायचंय?" त्यानं आधी डॉक्टरांकडे पाहिलं, मग बायकोकडे. बायकोकडे जरा जास्तच वेळ.

डॉक्टरांनी खुर्ची ओढून घेतली. "मग दोघंही ऐका. ज्यांना गाडी लागते, त्यांना भुलीनंतर उलट्या व्हायची भीती जास्त. गळ्याच्या ऑपरेशननंतर उमासे आले की सगळा ताण जखमेवर येतो. आत रक्त सुटून साठलं, तर श्वास कोंडतो. आधी कळलं, तर मी वायूऐवजी शिरेतून भूल देईन, उलटी थांबवणारी औषधं वाढवीन. म्हणून विचारतेय. खरं सांगा."

सारिन्तेननं मान वर केली नाही.

"पाकने," ती नवऱ्याला घरातल्या हाकेनं म्हणाली, "तुम्ही अंगणात गाडी सुरू ठेवता ना, त्या वासानंसुद्धा मला ढवळून येतं. मी न्हाणीत जाऊन ओकते. लग्नाआधीपासून आहे हे. तुम्ही चारचौघांत ओकणाऱ्यांच्या नकला करता, सगळे पोट धरून हसतात. मी कुठल्या तोंडानं सांगणार?"

"एवढंच?" मार्जुकी बघतच राहिला. "एवढंच होतं?" त्याचे खांदे सैलावले, चेहरा खुलला. "आणि मी मूर्ख, शेजारच्या रुस्मीला विचारत बसलो, मी फेरीवर गेलो की हिच्याकडे कोण येतं म्हणून!"

आपण काय बोलून गेलो ते त्याला बोलल्यावर कळलं.

सारिन्तेननं आता मान वर केली होती. डॉक्टरांनी बाकीचे प्रश्न विचारले. तिनं एकेकाचं सरळ उत्तर दिलं. नवऱ्याशी मात्र ती रात्री एक शब्द बोलली नाही.

ऑपरेशन नीट पार पडलं. दुपारी तिला पुरती जाग आली, तेव्हा तिच्या गळ्याला पट्टी होती, उशी उंच केलेली होती, आणि मार्जुकी पलंगाला चिकटून बसला होता. उलटीचं भांडं त्यानं दोन्ही हातांत धरलं होतं. तिनं आवंढा गिळला की तो ते तिच्या हनुवटीखाली नेई.

"मळमळतंय?"

तिनं बोटानंच नाही म्हटलं.

नर्स आली. तिनं पट्टी पाहिली, घोटभर पाणी पाजलं, थोडा वेळ थांबली. पाणी पोटात राहिलं. "ठेवा ते भांडं खाली," ती मार्जुकीला म्हणाली. "त्याचं काम पडत नाही आता."

त्यानं ठेवलं नाही.

नर्स गेल्यावर सारिन्तेननं त्याला जवळ यायची खूण केली. तो वाकला. तिचा आवाज बसलेला होता, पण शब्द न् शब्द कळत होता.

"रुस्मीशिवाय आणखी कुणाकुणाला विचारलंत?"

मार्जुकी हातातल्या कोरड्या भांड्यात बघत राहिला.