गुलाबी थर

हाकोदातेतल्या मोतोमाचीचा चढ चढताना तोकुजी दोनदा थांबला. आपणच विकलेलं, आता लोकांना दाखवायला ठेवलेलं घर बघायला पाहुण्यासारखं रांगेत उभं राहायचं, हे त्याला मुळीच पटलेलं नव्हतं. पण बायकोने, फुमिनोने, हट्टच धरला होता, आणि ती हट्ट धरते कधी?

घर तसंच होतं, खाली जपानी जाळीचं दार, वर विलायती खिडक्या. वरच्या खोलीत माहिती सांगणारी मुलगी खिडकीच्या चौकटीवर ओला पॉलिशपेपर गोल गोल घासत होती.

"हाकोदातेत जुना रंग कुणी खरवडला नाही, एकावर एक चढवत गेले. घासलं की सगळे दिसतात. हे बघा."

नाण्याएवढ्या जागेत वर्तुळं उमटली. मधे तपकिरी, मग हिरवा, मग झगझगीत गुलाबी, आणि बाहेर जाडच्या जाड पांढरा. सगळे पुढे वाकले.

"गुलाबी किती गोड आहे ना! कुणीतरी हौशी माणूस असणार," मुलगी म्हणाली. "पण हा पांढरा दोन हात दिलाय, आणि तोही लगेच, गुलाबीवर धूळ बसायच्या आत. का, ते कळत नाही."

"एका हातात गुलाबी झाकला गेला नसता," फुमिनो म्हणाली. "आमच्या नोबुआकीने लावला होता गुलाबी. हे म्हणाले, गल्ली हसते, शोभतं का आपल्याला? रात्रीचं जेवणही झालं नव्हतं, तोवर ह्यांनी पांढरा फासला. पोरगा तसाच माकुळाच्या मासेमारी बोटीवर निघून गेला. बोट बुडाली."

मुलगी मान खाली घालून पुटपुटली, "माफ करा, आजोबा."

तोकुजीने तिच्या हातातून पॉलिशपेपर घेतला. गुलाबी आणखी दिसावा म्हणून तो त्या वर्तुळावरच घासू लागला. जोर लावून, भराभर. ओली गुलाबी पूड बोटांवरून ओघळली आणि खालून हिरवा वर आला.

फुमिनोने त्याचं मनगट धरलं.

"पुरे करा," ती म्हणाली. "एकदा घालवलात, तेवढं बास झालं."