पंपाचा पट्टा

न्हावऱ्याच्या एसटी स्टँडवर आप्पांनी लेकीच्या बेस गिटारला जाड, गादीचा पट्टा अडकवला. “फवारणीच्या मोडलेल्या पंपाचा हाय. बारीक पट्टा खांदा कापतो, बाई. वीस वर्सं वीस लिटर पाठीवर वागवलंय, मला कळतं त्यातलं.” यवतला स्टेजमागं ड्रमवाल्यानं विचारलं, “काय गं, फवारायला आलीस?” सगळे हसले. तिनं तो पट्टा बॅगेत कोंबला आणि दुकानातला बारीक लावला. कार्यक्रमानंतर आप्पांचा फोन आला. “खांदा दुखला का?” “नाही,” ती खांदा चोळत म्हणाली. “बघ, म्हणलं नव्हतं!” दुसऱ्या दिवशी शेतातच हार्टअटॅकनं आप्पा गेले. तेराव्याचे पाहुणे पांगल्यावर ती गोठ्यात शिरली. खुंटीला घरातला एकमेव पंप होता, चांगला चालू. पट्ट्याच्या जागी त्याला म्हशीचं दावं बांधलेलं. ती मोठ्यानं म्हणाली, “आप्पा, मी तुमचा पट्टा लावलाच नव्हता. मला तुमची लाज वाटली होती.”