पाच किलो कमी

बार्बेक्यूच्या कोळशाचं वीस किलोचं पोतं कंपनीने गुपचूप पंधरा किलोवर आणलं आणि वर भावही वाढवला. गिऱ्हाइकं कंपनीच्या नावाने खडे फोडत होती. पण गोदामात मेव्हण्याच्या जोडीने ट्रक भरणाऱ्या हमालाची पाठ बारा वर्षांत पहिल्यांदाच ठणकायची थांबली होती. न राहवून तो मालकाच्या केबिनमध्ये शिरला.

"साहेब, देव तुमचं भलं करो. पोती इतकी हलकी झालीत, की मेव्हण्याने हात नाही लावला तरी ट्रक मी एकटा भरतो."

मालकाने चष्मा काढून त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं.



"बरं झालं सांगितलंस. मग उद्यापासून मेव्हण्याला यायला नको म्हणावं. घरचाच आहे, तूच सांग."